सतरा पडद्यांवरच्या बाई

नगर कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा बाईंच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्यामुळे त्यांनी ते वाचून दाखवलं नाही, नुसतं नवऱ्यापुढे धरलं आणि "ऊं" म्हटलं. बाईंच्या ह्या "ऊं"चे साधारण नऊ अर्थ होतात. "बघा आता ह्यांना काय हवंय" हा त्यातला पाचवा.

नवऱ्याने चष्मा पुसला, पत्राच्या घड्या मोडून ते टेबलावर सरळ केलं आणि मगच वाचायला घेतलं. ह्या गृहस्थांना सगळे मिलिमीटर म्हणत. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. त्यांच्या नकाशातला नळ तीन मिलिमीटर सरकला आहे असं कुणी म्हटलं, तर ते रस्ता खोदायला लावून नळच चुकला आहे हे सिद्ध करत. हे नाव ऑफिसातल्यांनी चिडवायला ठेवलं होतं, पण मिलिमीटरांना तो किताब वाटत होता आणि निवृत्तीच्या समारंभात त्यांनी त्याबद्दल सर्वांचे आभारही मानले होते.

पत्रात होतं ते असं. सार्वजनिक सभागृहातल्या खोल्या पुढच्या वर्षासाठी ज्यांना हव्या असतील, त्या वर्गांचं स्वतःचं संकेतस्थळ असावं. त्यावर वर्गाचं नाव, वेळापत्रक, विद्यार्थ्यांची यादी आणि शिक्षकाचं छायाचित्र असावं. हे सगळं तपासणीच्या वेळी कार्यालयीन संगणकाच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. बाईंच्या वर्गाची तपासणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी अकरा ते सव्वाअकरा. दिसलं नाही तर खोली काढून घेण्यात येईल.

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या.

"खोली चार काढून घेणार?"

"संकेतस्थळ नसेल तर."

"मग टेबल?"

टेबलाचं सांगायलाच हवं. खोली चारमध्ये बाई बावीस वर्षं कपडे बेतायला शिकवत होत्या. तिथलं टेबल बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं. पहिल्याच वर्षी एका सुताराने ते खोलीतच उभं केलं, खुंट्या मारल्या, सरस भरला आणि तो निघून गेला. नंतर मिलिमीटरांनी जाऊन मोजलं, तेव्हा कळलं की ते दारातून बाहेर यायला चार सेंटिमीटर कमी पडतात. करवतीशिवाय ते टेबल त्या खोलीतून निघणार नव्हतं, आणि त्या टेबलाशिवाय बाई कोट बेतायला शिकवू शकत नव्हत्या. गावातले निम्मे शिंपी त्या टेबलाच्या कडेला उभं राहून शिकले होते.

"त्यात काय," मिलिमीटर म्हणाले. "वेबसाइट मी करतो."

"मुलीला सांगा ना. तिचं तेच काम आहे."

"तिचं काम आहे म्हणून ती घाईत करेल. मी नीट करेन."

बाईंनी परत "ऊं" केलं. हा सातवा.

मिलिमीटरांनी वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मोजता येतो, त्याला पिक्सेल म्हणतात, आणि तो मिलिमीटरच्याही साधारण चौथाई असतो, हे वाचून त्यांना भरून आलं. आपल्याहून बारीक मापाचा कुणीतरी जगात आहे ह्याचा तो आनंद होता. त्यांनी आलेखाचे कागद काढले. वर्गाचं नाव वरून चाळीस ठिपके खाली. वेळापत्रक डावीकडून साठ. बाईंचा फोटो उजवीकडे, रुंदी दोनशे बारा. दोनशे दहा का नाही असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी अशा नजरेने पाहिलं की बाईंनी विषय सोडून दिला.

अकराव्या दिवशी पान तयार झालं. खरं सांगायचं तर सुरेख झालं होतं. मिलिमीटरांनी पडद्याला स्टीलची पट्टी लावून पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी शेजारीपाजारी पत्ता कळवला आणि कौतुक ऐकायला फोनजवळ खुर्ची ओढून बसले.

पहिला फोन वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा.

"छान आहे हो. फक्त वहिनींच्या डोक्यावर बुधवार आला आहे."

"काय आलं आहे?"

"बुधवार. वेळापत्रकातला. मंगळवार कानाशी आहे."

मिलिमीटर फोन ठेवतात न ठेवतात तोच समोरच्या दारातून बँकेचे निवृत्त मॅनेजर स्वतःच आले. त्यांना कुठलाही निरोप फोनवर देणं हलकेपणाचं वाटे.

"तुमच्या पानावर वेळापत्रक नाही," ते म्हणाले. "यादी आहे, पण पहिली सहाच नावं. बाकीच्यांनी वर्ग सोडला का?"

मग बाईंच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला, की फोनवर बाईंचा फक्त डावा कान दिसतो, पण ओळखू येतो.

वेबसाइट म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र नव्हे, हे मिलिमीटरांना त्या दिवशी कळलं. आपण लिहितो त्या नुसत्या सूचना. त्या वाचून पान उभं करतो तो ब्राउझर, आणि प्रत्येकाच्या यंत्रात ब्राउझर वेगळा. डॉक्टरांचा यंत्राबरोबर आलेला. मॅनेजरांचा त्यांच्या जावयाने कधीकाळी घालून दिलेला आणि त्यानंतर कुणी हात न लावलेला. फोनवरचा तिसराच. एकच निरोप तीन माणसांकडे द्यावा आणि तिघांनी आपल्या स्वभावाप्रमाणे तो सांगावा, तशातली गत. त्यातून पडदेही लहानमोठे. चौतीस वर्षं एकाच मापाच्या कागदावर काम केलेल्या माणसाला हे पचणं कठीण होतं. नकाशाची घडी उघडल्यावर प्रत्येक इंजिनिअरला नळ वेगळ्या गल्लीत दिसला असता तर गाव तहानेनं मेलं असतं, असं ते बाईंना म्हणाले. बाई काज करत होत्या. त्यांनी मान डोलावली, पण ती बहुधा काजासाठी होती.

मिलिमीटरांनी बुधवार डोक्यावरून उतरवला. डॉक्टर खूश झाले. लगेच मॅनेजर आले. आता त्यांच्याकडे वेळापत्रक होतं, पण बाई गेल्या होत्या. मिलिमीटरांनी बाई परत आणल्या. डॉक्टरांचा फोन आला की आता आठवडाच बुधवारपासून सुरू होतो. दोन दिवसांत गोष्ट एवढ्यावर आली की डॉक्टर आणि मॅनेजर जिन्यात भेटले की एकमेकांकडे पाहीनासे झाले. आपलं पान बिघडण्यामागे दुसऱ्याचा ब्राउझर आहे, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

सल्ले मात्र दोघेही देत होते, आणि तेही मिलिमीटरांच्याच घरी, मिलिमीटरांच्याच चहावर.

"हे दातासारखं आहे," डॉक्टर म्हणाले. "एक सरळ करायला गेलं की शेजारचा हलतो. माझं ऐका, सगळे काढून टाका आणि कवळी बसवा."

"काढायचं कशाला?" मॅनेजर म्हणाले. "आमच्याकडे सही जुळली नाही तर आम्ही आमचं रजिस्टर बदलायचो का? माणसाला परत पाठवायचो. नीट सही करून या म्हणायचो. चूक समोरच्याची असते हो, नेहमी."

इथे मिलिमीटरांनी डॉक्टरांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मॅनेजरांचं बोलणं त्यांच्या कानाला फार गोड लागलं. पान बरोबर आहे. पडदे चुकले आहेत. खात्यातही त्यांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. हातात स्टीलची पट्टी, पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ आणि आखलेली वही. इमारतीतली घरं आणि जवळ राहणाऱ्या विद्यार्थिनी मिळून सतरा पडदे भरले. प्रत्येक घरी जायचं, पडदा मोजायचा, आपल्या पानाला हवी तेवढीच जागा सोडून दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी उभी चिकटवायची आणि सांगायचं, "पान ह्या दोन रेघांच्या आत ओढून ठेवायचं. बाहेर जाऊ द्यायचं नाही." वहीत चार रकाने होते: घर, पडद्याची रुंदी, ब्राउझर, आणि बाईंची स्थिती. ह्या शेवटच्या रकान्यातल्या नोंदी अजून वाचायला मिळतात. "डावीकडे सरकलेल्या." "अर्ध्या." "यादीखाली दबलेल्या." "आढळल्या नाहीत." एके ठिकाणी तर "दोन वेळा" असं लिहिलं आहे, आणि त्याचं कारण कुणालाच कळलेलं नाही.

चिकटपट्टी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात एका पेशंटने पडद्यावर आपल्या जबड्याचा फोटो पाहिला आणि घाबरून विचारलं, "माझ्या दाढा कुठे गेल्या?" दाढा पट्टीखाली होत्या, पण हे पटवताना डॉक्टरांची अर्धी सकाळ गेली. मॅनेजरांच्या बायकोला बातम्या सांगणारीचा एकच गाल दिसत होता. त्यांनी पट्टी ओढली, तर पट्टीबरोबर पडद्याचा वरचा पापुद्राही आला. फोनवर पट्टी लावून घेतलेल्या विद्यार्थिनीला बघायला बोटभर जागा उरली होती, आणि त्या बोटभर जागेत तिला आईचा नंबर सापडेना. संध्याकाळपर्यंत तक्रारी बाईंकडे पोचल्या. मिलिमीटरांना सांगण्यात अर्थ नाही एवढं इमारतीला ठाऊक होतं.

 बाईंनी एक ओलं फडकं आणि बाटलीभर खोबरेल घेतलं आणि सतरा घरी जाऊन चिकटपट्ट्या पुसून आल्या. मिलिमीटर दारात उभे होते. त्यांना वाटलं होतं भांडण होईल. भांडण झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

तरी हार कसली मानतात. सतरा पडदे राहू देत, तपासणी होणार ती एकाच पडद्यावर. तो पडदा पान बरोबर दाखवतो की नाही एवढंच बघायचं. सोमवारी ते नगर कार्यालयात गेले. पट्टी खिशात होतीच.

खिडकीवरचे कारकून बुटके, घामाघूम आणि फार सभ्य होते. त्यांच्या टेबलावरचा संगणक एके काळी पांढरा असावा. मिलिमीटरांनी सवयीप्रमाणे आधी पडदा मोजून घेतला, कारकुनांनीही त्यांना मोजू दिला. मग पत्ता घातला. पडदा बराच वेळ विचार करत राहिला आणि मग वर एक ओळ आली: हे पान दाखवता येत नाही.

"माझं पान बरोबर आहे," मिलिमीटर म्हणाले.

"असेल ना," कारकून म्हणाले. "ह्याच्यावर कुठलंच दिसत नाही. दोन वर्षं झाली. ह्यातला ब्राउझर फार जुना आहे."

"मग तुम्ही तपासणी कशी करता?"

"करतो की. पत्ता घालतो, दिसत नाही, मग दिसत नाही असं लिहितो. अकरा वर्ग झाले आत्तापर्यंत. बुद्धिबळवाले, गायनवाले, सगळे. अकराही दिसले नाहीत." कारकुनांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मला वाईट वाटतं हो."

"आणि त्या खोल्या?"

"जुनं दप्तर ठेवायचं घाटतंय. तुमच्या खोलीत मोठं टेबल आहे म्हणे. गठ्ठ्यांना बरं पडेल."

मिलिमीटर तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे संगणक विभाग होता. विभागात एक बाई आणि एक कुंडी होती. ब्राउझर बदलून मिळेल का असं त्यांनी विचारलं.

"मिळेल ना. नमुना सात भरा."

"द्या."

"तो वेबसाइटवर आहे. आणि ज्या संगणकाची तक्रार आहे, त्याच्यावरूनच भरायचा."

"त्या संगणकावर वेबसाइट उघडत नाही."

"हो," ती बाई न चिडता म्हणाली. "नमुना सात त्यासाठीच असतो."

मिलिमीटरांचे कान तापले. पण खाली उतरताना त्यांना एक माणूस आठवला. नव्या नळाचा अर्ज घेऊन तो त्यांच्याकडे पाच वेळा आला होता. अर्जासोबत जुन्या नळाचा नकाशा जोडा, असं ते पाचही वेळा त्याला म्हणाले होते. त्याच्याकडे जुना नळच नव्हता. पाचव्या वेळी तो माणूस कागद घेऊन नुसता उभा राहिला होता. मिलिमीटरांनी त्याला समास दोन सेंटिमीटरचा ठेवायला सांगितलं होतं. जिन्यात त्यांना त्याची लाज वाटली, आणि ही लाज बाईंना सांगण्यासारखी नव्हती, म्हणून आणखी वाटली.

घरी त्यांनी गठ्ठ्यांचं सांगितलं. बाईंनी मशीन थांबवलं.

"माझ्या टेबलावर गठ्ठे?"

"अजून शुक्रवार आहे मध्ये."

"अहो, मला कुठे सोन्याची वेबसाइट हवी होती? नाव दिसलं असतं, वार दिसले असते, झालं असतं. तीन आठवडे तुम्ही ठिपके मोजताय. लोकांच्या पडद्यांची सालं काढलीत. दार तुम्हीच मोजलंय त्या खोलीचं. ते टेबल कापावं लागेल हे तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षं उभी राहिलेय मी तिथे." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मला दुसरी खोली नको. दुसरं टेबल नको. मला तिथेच शिकवायचंय."

त्यानंतर मशीन सुरू झालं नाही. मिलिमीटरांना मशीनच्या आवाजाची इतकी सवय होती की घर एकदम परकं वाटायला लागलं. त्यांनी पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मुलीला फोन लावला.

मुलगी जणू फोन हातात घेऊनच बसली होती. आईने तिला तीन आठवडे गप्प राहायला बजावलं होतं. "त्यांचं त्यांना करू दे, नाहीतर मनाला लावून घेतील," असे आईचे शब्द होते, आणि ते मुलीने आता बाबांना सांगूनही टाकले. मिलिमीटरांनी ते मनाला लावून घेतले.

"बाबा, ह्या एका पानात तुम्ही अकराशे चाळीस मापं लिहिली आहेत."

"अकराशे बेचाळीस."

"मी सगळी काढते आहे."

"सगळी? मग पान उभं कशाच्या आधारावर राहील?"

"आपलं आपण राहील. नाव वर, त्याखाली वार, मग यादी. ज्याच्या पडद्यावर जेवढी जागा असेल तेवढ्यात बसेल. मोठ्या पडद्यावर फोटो शेजारी येईल, लहान असेल तर खाली जाईल. प्रत्येकाला थोडं वेगळं दिसेल, पण सगळं दिसेल."

"वेगळं दिसेल म्हणजे चूकच ना?"

"नाही हो बाबा. कुणाच्या डोक्यावर बुधवार येणार नाही एवढंच बघायचं असतं."

पंचवीस मिनिटांत काम झालं. मिलिमीटरांनी वही घेऊन फोन फिरवले आणि शेवटच्या रकान्यात सतरा वेळा "पूर्ण" असं लिहिलं. आनंद झाला आणि अपमानही झाला, आणि दोन्हींतलं कुठलं मोठं हे त्यांना ठरवता येईना. डॉक्टर म्हणाले, "कवळी बसवलीत ना शेवटी?" मॅनेजर मात्र जरा खिन्न झाले. सांगण्यासारखी काही चूकच उरली नव्हती. पान उघडून तेही दोनदोनदा पाहत, की कुठे काही सरकलंय का.

"आणि कारकुनांचं यंत्र?" मिलिमीटरांनी मुलीला विचारलं.

"त्याला माझ्याकडे इलाज नाही. इतके जुने ब्राउझर आता आपल्या पानाच्या पत्त्याशी बोलूच शकत नाहीत. त्याच्यावर फार तर कोरं पान उघडेल."

"कोरं म्हणजे कसं?"

"पांढरं, बाबा. नुसता उजेड."

 खात्यात मिलिमीटरांचं टेबल काचेचं होतं आणि काचेखाली दिवे होते. त्या उजेडावर ट्रेसिंग पेपर पसरून त्यांनी अर्धं गाव उतरवलं होतं. नुसत्या उजेडावर काय काय करता येतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी पाच वाजता ते खोली चारच्या दारात उभे राहिले. काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. बावीस वर्षांत ते इथे एकदाच आले होते, दार मोजायला. तेवीस विद्यार्थिनींनी वळून पाहिलं. बाईंनीही पाहिलं, पण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

मिलिमीटर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि पाहत राहिले. बाईंनी कापड पसरलं, तळव्याने सारखं केलं, खडू उचलला आणि एकाही पट्टीला हात न लावता बाहीचा गोल काढला. मिलिमीटर स्टुलावरून अर्धे उठले. कात्री चालली. मग दुसरी बाही, तशीच, नजरेने. विद्यार्थिनी टिपून घेत होत्या, बाई बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. घरी त्या एवढं बोलत नसत. सगळ्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मिलिमीटर हळूच उठले आणि दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सुताचाही फरक नव्हता. ही बाई आपल्याच घरात राहते आणि आपल्याला हे माहीत नाही, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग ते परत स्टुलावर बसले आणि काढायला लागले. आजवर त्यांनी माणूस कधी काढला नव्हता, नळच काढले होते.

शुक्रवारी अकराला दोघंही कारकुनांसमोर उभे होते. कारकुनांनी पत्ता घातला. हे पान दाखवता येत नाही.

"आता कोरं पान उघडा," मिलिमीटर म्हणाले.

कारकुनांनी उघडलं. पडदा पांढरा झाला. मिलिमीटरांनी गुंडाळी सोडली आणि कागद पडद्यावर धरला. सोमवारी घेतलेलं माप कामी आलं. कागद कडेला कड लागून बसला, आणि आतल्या उजेडाने सगळं एकदम उजळलं. वर वर्गाचं नाव. त्याखाली पत्ता, मग वेळापत्रक, तेवीस नावांची यादी, आणि बाजूला चौकटीत बाई: टेबलावर वाकलेल्या, चष्मा कपाळावर, हातात कात्री. मुलीने लावलं होतं त्याच क्रमाने सगळं होतं.

कारकुनांनी कागदाची कड नखाने उचलून पाहिली.

"हे... हे चिकटवलेलं आहे."

"नियमात काय आहे?"

कारकुनांनी परिपत्रक काढून वाचलं. "कार्यालयीन संगणकाच्या पडद्यावर दिसले पाहिजे."

"दिसतंय?"

"दिसतंय."

"कशावर?"

कारकुनांनी पडद्याला बोट लावून खात्री केली. तेवढ्यात मोठे साहेब फायली घेऊन मागून गेले. त्यांनी लांबूनच पडद्याकडे पाहिलं आणि "अरे वा, झाला वाटतं चालू," असं म्हणून पुढे गेले. कारकुनांचा चेहरा खुलला. दोन वर्षांत साहेबांनी त्यांना पहिल्यांदा "अरे वा" म्हटलं होतं. त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि मग हात थांबला.

"पण इथे छायाचित्र म्हटलंय. हे चित्र आहे. फोटो लागेल."

मिलिमीटरांनी घड्याळाकडे पाहिलं. फोटो घरी होता. आणि तपासणीची वेळ संपायला सात मिनिटं होती.

आतापर्यंत बाई कागदाकडे नुसत्या पाहत होत्या. त्यांनी तो प्रथमच पाहिला होता. त्या पुढे सरकल्या.

"फोटोत मी अशी दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी, फोटो..."

"फोटोत मी नीट उभी आहे. कुणीतरी उभं राहा म्हटलं म्हणून. मी दिवसभर असते ती ही." त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "हवं तर पडताळून बघा."

कारकुनांनी चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावर थोड्या वाकल्या. कारकुनांनी परत चित्राकडे पाहिलं. मग त्यांनी शिक्का मारला, आणि शेऱ्यात लिहिलं: "संकेतस्थळ दिसले. शिक्षिका जुळल्या."

बाहेर बाकावर बुद्धिबळवाले आणि गायनवाले आपापले नाकारलेले कागद घेऊन बसले होते. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मिलिमीटरांना घेरलं आणि आमचंही करून द्या म्हणून गळ घातली. मिलिमीटर कुणालाच नाही म्हणाले नाहीत. कुणाला समास किती ठेवायचा तेही त्यांनी सांगितलं नाही.

जिना उतरताना त्यांची छाती मात्र फुगली होती.

"बघितलंस? ह्या एका पडद्यावर सगळं सारखंच दिसतं. कुणीही येऊन बघावं. एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही."

"दिसतं ना," बाई म्हणाल्या. "पण बघायला इथवर यावं लागतं."

मिलिमीटर आणखी दोन पायऱ्या उतरले.

"मी काल आलो होतो," ते म्हणाले. "आधीच यायला हवं होतं."

बाई थांबल्या. काहीतरी चांगलंच लागेल असं बोलण्याचा त्यांचा हक्क होता, आणि बोलायला बावीस वर्षं होती. त्यांनी पदराने नवऱ्याच्या बाहीवरची पेन्सिलीचा काळा डाग पुसला.

"सोमवारी कॉलर आहे," त्या म्हणाल्या. "पाचला या. आणि कोपऱ्यात बसू नका, तिथून काही दिसत नाही. टेबलाशी या."